वेंडेल अंकलचं ताट

विमानतळापासून आमच्या हॉटेलपर्यंतचा रस्ता तसा छोटाच, पण वेंडेल अंकलच्या बसमध्ये बसलात की तेवढ्यात तुमचं वेगसमधलं सगळं खाणंपिणं ठरून जायचं. होनोलुलूहून, म्हणजे आमच्या बेटांवरून, विमान उतरायचं, माणसं पेंगुळलेली, प्रत्येकाच्या हातात इथल्या नातेवाइकांसाठी आणलेले खाऊचे खोके, आणि अंकल गाडी सुरू करायच्या आधी माइक तोंडाशी धरायचे.

"ऐका रे पोरांनो!" सत्तरीच्या म्हाताऱ्यांनाही ते पोरांनोच म्हणायचे. "पैसे जुगाराच्या मशीनमध्ये घालायचे तर घाला, ते तुमचं नशीब. पण पोट माझ्या ताब्यात द्या. बुफेला गेलात तर आधी भात घेऊ नका, भात घरी आहे. पाव तर बघूसुद्धा नका. जे मांस दिव्याखाली एकटंच चमकत बसलंय, त्याच्यापासून लांब. जिथे आचारी समोर कापून देतोय तिथे रांग लावा, आणि हाडाजवळचं मागा, लाजू नका. चायनीज खायचं तर स्प्रिंग माउंटन रोडला. ज्या मेनूवर फोटो आहेत तिथे नाही. जिथे भिंतीवर हाताने कायतरी खरडलंय आणि मालकीण तुमच्यावर ओरडते, तिथे. कच्च्या माशाचं दुकान टायरवाल्याच्या शेजारी आहे म्हणून नाक मुरडू नका. आणि बैलाच्या शेपटीचं सूप आपल्याच हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये. नोए नावाची बाई वाढते. तोंडाने फटकळ आहे, पण वाटी काठोकाठ देते."

ती नोए म्हणजे मी. फटकळ आहे हे खरं. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांना वाढणारी बाई एकदम गोड बोलायला लागली, तर खुशाल समजावं की तिला बक्षिशी हवी आहे.

आमच्या गावात एक रिवाज आहे. जो ड्रायव्हर माणसं आणून सोडतो, त्याला स्वयंपाकघरातून ताट मिळतं. फुकट. त्यात उपकार वगैरे काही नाहीत. ताट चांगलं मिळालं तर तो पुढची बस कुठे वळवेल हे सगळ्यांना ठाऊक असतं. अंकलना तर चहूकडून बोलावणी. कुठे नवा आचारी आला, बोलवा अंकलना चाखायला. कुठल्या बुफेत खेकडे आले, बोलवा अंकलना. दुपारी आमच्याकडे सूप, संध्याकाळी आणखी कुणाकडे भाजलेलं मांस, घरी जाता जाता फिलिपिनो बेकरीतला गरम पाव. "मीच नाही खाल्लं तर लोकांना सांगू काय?" असं म्हणून ते पोटावरून हात फिरवायचे.

आणि घरी हॅरिएट आंटी स्वयंपाक करायची.

बेटावर घर घेणं परवडेना म्हणून आम्ही सगळे या वाळवंटात आलो, तसे तेही दोघं तरुणपणी आले. माझं घर त्यांच्या मागच्याच गल्लीत. आंटी बेटावरच्या हिलोकडची, मळ्यातल्या मजुरांच्या घरातली, तिला बाहेरचं खाणं म्हणजे पाप वाटायचं. रोज संध्याकाळी ती एक ताट वाढायची. भात, मोहरीच्या पाल्यात शिजवलेलं डुकराचं मांस नाहीतर आल्यातली कोंबडी, आणि कडेला मिठात चोळलेली काकडी. त्यावर दुसरं ताट उपडं घालून ते शेगडीवर ठेवायची. अंकल यायचे, चपला दाराबाहेर काढायचे, किल्ल्या टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, "नको गं हॅरिएट, पोट भरलंय."

आंटी कधी भांडली नाही. एकदा मला म्हणाली, "सगळ्या बेटाला हा सांगतो कुठे चांगलं मिळतं. माझ्या स्वयंपाकघराचा पत्ता तेवढा याला सापडत नाही." मी हसले. तीही हसली. "मग त्या ताटाचं काय करता?" मी विचारलं. "टाकतात का अन्न? मी आहे की," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

मग आंटी विसरायला लागली. आधी नळ बंद करायला, मग दुकानातून घरचा रस्ता, मग माणसं. अंकलनी बस सोडली. दिवसभर तिच्या मागे मागे फिरायचे, तिला आंघोळ घालायचे, केस विंचरायचे. ती त्यांना "अहो" म्हणायची, परक्या माणसाला म्हणावं तसं. "अहो, तुम्ही फार चांगले आहात. तुमच्या घरचे वाट बघत असतील." हे ऐकून अंकल घराबाहेर येऊन उभे राहायचे, त्या भाजणाऱ्या उन्हात, आणि थोड्या वेळाने परत आत जायचे. तेही त्यांनी सोसलं. पण गेल्या उन्हाळ्यात आंटीने खाणं सोडलं.

सोडलं म्हणजे सोडलंच. ताट पुढे केलं की ती हसून म्हणायची, "नंतर." चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायची. बळेच दिलं तर चार थेंब दूध. एवढी गुटगुटीत बाई, बघता बघता ब्लाउजमध्ये हरवून गेली.

घरी येऊन तपासणारी नर्स होती, मारिविक म्हणून. बोलायला मऊ, पण आडपडदा न ठेवणारी. तिने गळा तपासला, दात तपासले, पोट चाचपून पाहिलं. "अंकल, गिळायला काही अडचण नाही," ती म्हणाली. "शरीरच नको म्हणतंय. शेवटी शेवटी होतं असं. जबरदस्ती करू नका. मी पुढच्या शुक्रवारी येते. तोवर असंच राहिलं, तर मग आपण फक्त तिला त्रास होऊ नये एवढंच बघायचं."

याचा अर्थ अंकलना कळला. मारिविकची गाडी गल्लीतून वळली, आणि अंकलनी आपली जुनी गाडी काढली.

त्या आठवड्यात या माणसाने सगळं वेगस पालथं घातलं. ज्या ज्या जागेचं नाव त्यांनी माइकवरून घेतलं होतं, त्या प्रत्येक जागेच्या मागच्या दाराशी ते जाऊन उभे राहिले. आचाऱ्यांचे हात धरले. स्प्रिंग माउंटन रोडच्या ओरडणाऱ्या मालकिणीकडून तांदळाची पेज, बुफेतून हाडाजवळचं मांस बारीक करून, टायरवाल्याशेजारचा मासा बर्फात घालून, बेकरीतला पाव दुधात भिजवून. आणायचे, आंटीपुढे ठेवायचे, "बघ, हे तर तुला आवडेलच" म्हणायचे. आंटी म्हणायची, "नंतर." मग अंकल परत गाडीत.

सूप न्यायला ते आमच्याकडे रोज यायचे. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. मंगळवारी त्यांनी वाटीतलं सूप चाखलं आणि चमचा काउंटरवर आपटला.

"बदललंय! चक्रीफूल कमी घातलंय तुम्ही! म्हणून ती खात नाही!"

आतून आमचा आचारी बाहेर आला. त्याने अंकलच्या खांद्यावर हात ठेवला. "अंकल, तेच आहे. माझ्या हातचं आहे, तेच आहे."

"मग ती खात का नाही?" अंकल एवढ्या मोठ्याने म्हणाले, की मशीनवर बसलेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

नेमकं त्याच वेळी माउई बेटावरचं एक जोडपं आत आलं. बाईने अंकलना ओळखलं, तोंडभर हसली. "अंकल! बसवाले ना तुम्ही? मागच्या वेळी तुम्ही सांगितलं तिथेच खाल्लं आम्ही सगळं. यंदा कुठे जायचं?"

अंकलनी तिच्याकडे पाहिलं. "कुठेही जा," ते म्हणाले. "खड्ड्यात जा आणि खा. सगळं सारखंच आहे. कशाचा काही उपयोग नाही."

बाईचं हसू तिथेच राहिलं. तिच्या हातात बिस्किटांचा डबा होता, बेटावरून अंकलसाठीच आणलेला. तो तिने हळूच काउंटरवर ठेवला आणि नवऱ्याचा हात धरून निघून गेली. अंकलनी डबा उचलला, छातीशी धरला, आणि सूप न घेताच गेले. इतकी वर्षं त्या माणसाच्या तोंडून मी असा शब्द ऐकला नव्हता. मला रडू आलं, म्हणून मी आत जाऊन बर्फाच्या मशीनवर ओरडले.

आता आमच्या लोकांबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे कुणाच्या दारात गेलं की घरातली बाई कशी आहेस म्हणून विचारत नाही, जेवलीस का म्हणून विचारते. आणि घरात दुखणं असलं की आम्ही डबे नेतो, पण त्या घरात घास खात नाही. अडचणीतल्या माणसाचं अन्न कमी करायचं नाही, अशी आमची रीत. पोटात कावळे का ओरडेनात, "हो हो, आत्ताच जेवून आले" म्हणायचं, डबा ठेवायचा आणि निघायचं. अंकलच्या दाराबाहेर चपला नुसत्या येत होत्या आणि जात होत्या. फ्रीज भरला, बर्फाच्या पेट्या भरल्या, न्हाणीघरात केकचे खोके. त्या घरात अन्न मावत नव्हतं आणि घरची बाई उपाशी मरत होती.

बुधवारी दुपारी काम संपवून मी सूप घेऊन गेले. दार उघडंच होतं. आतून अंकलचा आवाज येत होता.

"एक घास. एकच. माझ्यासाठी, हॅरिएट. तोंड उघड. उघड म्हणतो ना!"

स्वयंपाकघरात आंटी खुर्चीवर बसलेली. अंकल तिची हनुवटी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने चमचा दातांवर दाबत होते. पेज तिच्या गळ्यावरून खाली ओघळत होती. ती ओरडत नव्हती. डोळे मात्र एवढे मोठे झाले होते, लहान मुलाचे होतात तसे.

"असं करू नका हो," चमचा निघाल्यावर ती म्हणाली. "मी काय वाईट केलंय तुमचं?"

अंकलच्या हातून वाटी पडली. ते तसेच मागच्या दाराने बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, अंगणातल्या तापलेल्या खडीवर ते गुडघ्यांवर बसले होते आणि दोन्ही मुठींनी खडी उपसत होते.

मी फरशी पुसली. आंटीचा गळा पुसला. सकाळपासून मी उभी होते, एका गिऱ्हाइकाने माझ्या अंगावर कॉफी सांडली होती, आणि आता हे. आंटीने माझ्याकडे बघितलं, ओळख नव्हती, पण तोंडून आपोआप निघालं, "जेवलीस?"

आणि मी, कुठली रीत अन् काय, सरळ म्हणाले, "नाही! सकाळपासून घास नाही पोटात. सगळ्या जगाला वाढते मी, मला कुणी विचारत नाही!"

आंटी उठली.

दोन दिवस जिला उभं करायला दोघं लागत होते, ती टेबलाचा काठ धरून उठली. फ्रीज उघडला. एकेक डबा उघडून वास घेतला, दोन नापसंत केले. ताट घेतलं. भात वाढला, कुणी आणलेली कोंबडी वाढली, आणि मग एक काकडी काढून चिरली, मीठ लावून बोटांनी चोळली. सगळं विसरली होती, पण बोटं विसरली नव्हती. ताट माझ्यापुढे ठेवलं. "खा."

मी खाल्लं. ती समोर बसून बघत होती. मधेच भात वाढला. मला वाटलं आता खाईल, आता खाईल. मी एक घास तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली. मग उठून तिने दुसरं ताट वाढलं, अगदी तसंच, कडेला काकडी. त्यावर ताट उपडं घातलं आणि शेगडीवर ठेवलं.

"हे कुणाचं, आंटी?"

"वेंडेलचं. बस घेऊन गेलाय. येईल आता."

"आणि तुमचं?"

"तो येऊन जेवला की मग मी." ती लाजल्यासारखी हसली. "नवऱ्याच्या आधी कशी खाऊ? हे गृहस्थ सारखे भरवायला बघतात. माणूस चांगला आहे, पण त्यांना कळत नाही."

नवरा दिवसभर घरात होता म्हणूनच तिच्या लेखी तो घरी आला नव्हता. बस घेऊन गेलेला माणूस परत आला नव्हता, आणि ती कधीची त्याच्यासाठी ताट धरून बसली होती.

मी अंगणात धावले. अंकलना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि हातातली खडी टाकली. मग उठले, बाहेरूनच मागच्या खोलीत गेले. आले तेव्हा अंगात कंपनीचा फुलाफुलांचा शर्ट होता, डोक्यावर टोपी, हातात किल्ल्या. घराला वळसा घालून ते पुढच्या दाराशी गेले. चपला काढल्या. आत येऊन किल्ल्या टेबलावर टाकल्या.

आंटीने मान वर केली. त्या आवाजाने तिचा चेहरा असा उजळला, की मला भिंतीकडे तोंड करावं लागलं.

"आलास?"

"आलो गं," अंकल म्हणाले. "भूक लागलीय. फार भूक लागलीय, हॅरिएट."

आंटी बघतच राहिली. "का? आज काय गावातली सगळी हॉटेलं बंद झाली?"

मी हसले आणि रडले, दोन्ही. अंकल टेबलाशी बसले. आंटीने ताटावरचं ताट काढलं. त्यांनी काकडीचा तुकडा तोंडात टाकला आणि चावायचे थांबले. "ही तू करतेस?"

"रोजच करते की."

अंकलनी ते ताट शेवटच्या शितापर्यंत संपवलं. आणखी मागितलं. आंटीने आणखी वाढलं. तिला केवढा आनंद झाला होता! तेही संपवलं. बोटाने ताट पुसून घेतलं, जसं लहानपणी आम्ही करायचो. "असं जेवण अख्ख्या वेगसमध्ये नाही," ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

आंटीने रिकामं ताट उचललं. आत बघितलं. नळाखाली धरलं, पुसून जाग्यावर ठेवलं, आणि झोपायच्या खोलीकडे निघाली.

"आंटी, तुम्ही?" मी घाईने भात वाढून तिच्यापुढे धरला. तिने माझ्या ताटाकडे बघितलं. "हे कुणाचं? अजून कुणी यायचंय का?" असं म्हणून ते झाकून ठेवलं, आणि जाऊन झोपली.

तरी आम्हाला आशा होती. दमली असेल, उद्या खाईल. गुरुवारी सकाळी अंकल परत शर्ट घालून बाहेर गेले आणि परत आले. आंटीने वाढलं, अंकल सगळं जेवले, तिने ताट धुतलं. दुपारीही तेच. प्रत्येक वेळी अंकल चव घेऊन घेऊन खात होते, तिला बरं वाटावं म्हणून. प्रत्येक वेळी ती ताटात बघायची, समाधानाने मान हलवायची आणि काही न खाता उठायची. दुपारनंतर तिला उभं राहता येईना. नळाशीच ती खाली बसली. अंकलनी तिला उचलली तेव्हा मी पाय धरायला पुढे झाले, पण गरजच नव्हती. एवढी हलकी झाली होती ती.

संध्याकाळी मी परत गेले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अंकल दाराबाहेर पायरीवर बसले होते, अंगात तोच शर्ट.

"आत जायचं धैर्य होत नाही," ते म्हणाले. "ती खुर्चीत बसून वाढतेय, मी बघितलं खिडकीतून. भाताचा डाव धरवत नाही तिला. तरी वाढतेय. मी जेवतोय आणि ती मरतेय, नोए. मला घास गिळवत नाही आता. दुपारचं सगळं उलटून पडलं."

"जा, अंकल," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

त्यांनी चपला काढल्या. किल्ल्या टाकल्या. आंटीने ताट पुढे सरकवलं. अंकलनी चमचा उचलला. भात ओठांपर्यंत नेला. गळ्यातून काहीतरी आवाज आला, आणि चमचा खाली ठेवून त्यांनी ताट बाजूला सारलं. तोंडातून निघालं ते काही ठरवून नव्हे. इतक्या वर्षांची सवय, तेच निघालं.

"नको गं हॅरिएट. पोट भरलंय."

"एक घास तरी?"

"नको."

अंकल उठून स्वयंपाकघराबाहेरच्या बोळकांडीत आले, जिथून मी बघत होते, माझ्या शेजारी उभे राहिले, भिंतीला कपाळ टेकून. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनी वाकून बघितलं.

आंटीने ताट स्वतःकडे ओढून घेतलं होतं. आमच्याकडे पाठ करून, मान खाली घालून, ती खात होती. भरभर, कुणी बघू नये असं. अंकलचं ताट, अंकलच्या चमच्याने. आधी भात. मग मांस. काकडी सगळ्यात शेवटी.

"मी आहे की," असं ती मला म्हणाली होती. त्या वाक्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी कळला. त्या घरात दुसरं ताट कधी वाढलंच गेलं नव्हतं. त्याने नको म्हटलं की ते तिचं. रोज. आणि तो एवढं सगळं वेगस चाखून आलेला माणूस, पलीकडच्या खोलीत पाय पसरून बसलेला असायचा.

अंकलनी हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. मी नुसती त्यांची बाही धरून उभी राहिले.

शुक्रवारी मारिविक आली. नाडी बघितली, डोळे बघितले, फ्रीज उघडून बघितला. "जे करताय तेच करत राहा," ती म्हणाली. "दुसरं काही बदलू नका."

आणि अंकलनी काही बदललेलं नाही. आंटी अजून आहे, खुर्चीतच, पण आहे.

मधे एकदा मी अंकलना म्हणाले, थोडं खाऊन थोडं ठेवत जा की ताटात. त्यांनी तेही करून पाहिलं होतं. त्यांनी दोन घास घेतले तर आंटी हरखून जाते, आणखी वाढते, सगळं संपेपर्यंत उठू देत नाही. मग तिच्यासाठी काही उरत नाही. त्यांनी तोंड लावायचंच नाही, तरच ती जेवते.

म्हणून अंकल रोज चार वाजता आमच्या काउंटरवर येतात. तेवढा वेळ मारिविकची बहीण आंटीपाशी बसते. मी सूप देते, भात देते. ते मुकाट्याने खातात, औषध घ्यावं तसं, शेवटच्या थेंबापर्यंत. उपाशी पोटी नको म्हणवत नाही, आवाज फितूर होतो, असं त्यांचं म्हणणं. आजूबाजूला बेटावरची माणसं असतात, काही ओळखतात, कुठे खायचं ते विचारतात. आता ते रागावत नाहीत. मानेनेच माझ्याकडे खूण करतात.

परवा मी त्यांच्यापुढे काकडी ठेवली. मीठ लावून, हाताने चोळून, आंटीसारखीच. त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि वाटी परत सरकवली.

"ही ती नव्हे," ते म्हणाले. "रोज ताटाच्या कडेला असते. रोज वास येतो. आणि रोज ती विचारते, एक घास तरी."

मी वाटी उचलून आत नेली. अंकलनी घड्याळाकडे बघितलं, टोपी घातली, किल्ल्या उचलल्या, आणि पोट भरलंय हे सांगायला घरी गेले.